लेणी कोण राखते?

कऱ्हाड शहराच्या नैर्ऋत्येस, जखिणवाडी गावाजवळ आगाशिवाचा डोंगर उभा आहे. त्याच्या कड्यांत साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतील बहुतेक लहान आणि साधी आहेत. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या, निजण्यासाठी दगडी ओटे, पाण्याच्या पोढी आणि काही ठिकाणी स्तूप असलेली चैत्यगृहे एवढाच त्यांचा पसारा. अजिंठा-वेरूळचे वैभव डोळ्यांत साठवून आलेल्या प्रवाशाला येथे पाहण्यासारखे फारसे नाही असेच वाटेल. परंतु पश्चिम भारतात बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीच्या काळात या परिसरात धम्म किती खोलवर रुजला होता, याचा पुरावा हा साधेपणाच देतो.

हा पुरावा केवळ आगाशिवाच्या डोंगरापुरता नाही. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावर 'करहकट' नगराच्या दानाचा उल्लेख कोरलेला आहे. हे करहकट म्हणजेच आजचे कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एका शिलालेखात महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान केल्याची नोंद आहे, आणि तो स्वतःला करहाकडचा म्हणवतो. खुद्द आगाशिवावरील एका लेखात गोपालाच्या संघमित्र नावाच्या मुलाने लेणे दिल्याचे नोंदले आहे. हे राजे नव्हते, सेनापती नव्हते. व्यापार-उदीम करणारी ही माणसे होती. त्यांची बखर कोणी लिहिली नाही. दगडावरील चार-दोन अक्षरे उरली, म्हणून त्यांची नावे दोन हजार वर्षांनंतर आपल्यापर्यंत पोहोचली.

ही अक्षरे आजवर टिकली. पुढे ती कोण टिकवणार? स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लेणी कोणी कोरली, याविषयी आपण उत्साहाने बोलतो. लेणी कोण राखते, याविषयी मात्र आपल्या घरांत क्वचितच चर्चा होते.

जतन आणि जीर्णोद्धार

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्याकडे जुन्या वास्तूविषयी आदर दाखवायचा म्हणजे तिचा जीर्णोद्धार करायचा, अशी रीत आहे. झिजलेला दगड काढून नवा बसवावा, भिंतीला तैलरंग द्यावा, जमिनीवर फरशी घालावी. यामागील श्रद्धा खरी असते. पण जुना दगड गेला की त्याच्यावरील छिन्नीच्या खुणा जातात, अक्षरांच्या रेषा जातात, जुन्या रंगाचा शेवटचा कण जातो. वास्तू चकचकीत होते आणि मुकी होते.

संवर्धनशास्त्राची दिशा याच्या उलट आहे. वास्तू जशी आपल्या हाती आली, तशी ती पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. आवश्यक तेवढाच हात लावावा. जे करू ते पुढे काढून टाकता येईल असे करावे. आणि जेथे केवळ तर्कावर काम चालवावे लागेल, तेथे थांबावे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने ही तत्त्वे जगापुढे मांडली. त्यापूर्वी १९२३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी आपल्या संवर्धन-नियमपुस्तिकेत याच विचाराचा आग्रह धरला होता.

या दोन वृत्तींतील अंतर सांचीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने आत काय आहे हे पाहण्यासाठी मोठा स्तूप वरपासून खालपर्यंत एका बाजूने फोडला. त्या खिंडारामुळे कठडा व तोरणाचा भाग कोसळला. पुढे १९१२ ते १९१९ या काळात मार्शल यांच्या देखरेखीखाली तेथे शिस्तबद्ध दुरुस्ती झाली. पडलेले दगड ओळखून जागेवर बसविले गेले, पाण्याचा निचरा केला गेला. आज आपण ज्या सांचीपुढे नतमस्तक होतो, ती या सात-आठ वर्षांच्या संयमी कामामुळे उभी आहे. कुतूहल दोघांनाही होते. शिस्त मात्र एकाचकडे होती.

दगडही आजारी पडतो

डोंगरात कोरलेल्या लेण्याला काय होणार, असे आमचे विद्यार्थी सहलीत हमखास विचारतात. आपल्या सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला कातळ आहे. तो थरांनी बनलेला आहे. काही थर टणक, काही सच्छिद्र, तर दोन थरांमध्ये कधी कधी तांबूस, मऊ मातकट पट्टा असतो. शिवाय लाव्हा थंड होताना कातळात उभ्या-आडव्या भेगा पडलेल्या असतात. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरचे पाणी या भेगांतून झिरपत लेण्याच्या छतापर्यंत येते. येताना ते क्षार विरघळवून आणते. हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी सुकते आणि क्षार दगडाच्या पृष्ठभागालगत स्फटिकरूपाने साठतात. स्फटिक वाढतात तसा दगडाचा पापुद्रा आतून ढकलला जातो आणि एक दिवस गळून पडतो. त्या पापुद्र्यावर शिलालेख असेल, तर तोही त्याच्यासोबत मातीत जातो.

याच्या जोडीला भेगांत रुजणारी वड-पिंपळाची मुळे, ओलाव्यावर वाढणारे शेवाळ, वटवाघळांची विष्ठा आणि चुलीचा धूर असतोच. या सर्वांत अधिक घातक मात्र माणसाचा हात. खिळ्याने कोरलेले नाव कोणत्याही रसायनाने पुसले जात नाही. ते पुसायचे तर मूळ दगडच घासावा लागतो.

एका लेण्यामागे किती विद्या

या आजारांवर उपचार करणारा कोणी एकच वैद्य नसतो. वेगवेगळ्या विद्यांची माणसे येथे एकत्र येतात.

सर्वांत आधी येतो पुरातत्त्वज्ञ. हात लावण्यापूर्वी नोंद, हा त्याचा पहिला नियम. लेण्याची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे घेऊन प्रत्येक भेगेची जागा कागदावर उतरविली जाते. कऱ्हाडच्या लेण्यांवर साताऱ्यातील इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर यांनी १८५० च्या सुमारास टिपण लिहिले, आणि १८८० मध्ये जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांनी भारतातील लेण्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. त्या जुन्या नोंदींमुळेच दीडशे वर्षांपूर्वी काय होते आणि आज काय उरले, याची तुलना करता येते.

नोंद करणाऱ्याला निःपक्षपाती राहावे लागते. वाईजवळील लोहारे येथील लेण्यांत एका स्तूपाला काळाच्या ओघात शिवलिंगाचे रूप मिळाले आणि पालपेश्वर या नावाने तेथे पूजा होऊ लागली. अशा ठिकाणी मूळ स्तूपाच्या खुणा पुसणे जसे गैर, तसेच नंतरच्या शतकांच्या खुणा खरवडून काढणेही गैर. इतिहासाचा न्याय छिन्नीने करायचा नसतो. सर्व थर जपावेत, प्रत्येकाची नोंद करावी आणि सत्य अभ्यासाने मांडावे. आपल्या समाजाला या शिस्तीचे भय वाटण्याचे कारण नाही. पुरावा शाबूत राहिला, तर तो स्वतःच बोलतो.

दुसरा येतो लिपितज्ज्ञ. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कित्येक शतके मूक असलेले हे लेख पुन्हा वाचता येऊ लागले. महाराष्ट्रातील लेण्यांचे लेख वाचण्यात भगवानलाल इंद्रजी यांचे कार्य मूलभूत आहे. बर्जेस यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांचा सखोल अभ्यास केला. ओला कागद अक्षरांवर थापून, त्यावर शाईचा बोळा फिरवून ठसा घ्यायचा आणि तो दिव्याच्या उजेडात तासन् तास न्याहाळायचा, असे हे काम. याला पाली-प्राकृताचे ज्ञान लागते. या लेखांतून वारंवार येणारा 'देयधम' हा शब्द आपल्या वाचकांना परका नाही. धम्म म्हणून दिलेले दान, असा त्याचा आशय.

तिसरा वास्तुविशारद व अभियंता. छत कोठे खचते आहे, खांबावर किती भार आहे, भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे तो तपासतो. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची. पट्टी तडकली तर भेग हलते आहे असे समजायचे, इतकी साधी युक्तीही यात असते. लेण्याच्या माथ्यावर चर खणून पावसाचे पाणी बाजूला वळविणे हा बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय ठरतो. प्राचीन शिल्पींनाही तो ठाऊक होता. अनेक लेण्यांवर त्यांनी खोदलेल्या पन्हळी आजही दिसतात.

चौथा रसायनतज्ज्ञ. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ पासून काम करीत आहे. तिचे मुख्यालय देहरादूनला आहे. दगडावरील शेवाळ सौम्य अमोनियाच्या द्रावणाने काढणे, कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापून क्षार शोषून घेणे अशी कामे ही शाखा करते. मोठा धडा मात्र तिला अजिंठ्याने दिला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी बोलाविले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला घट्ट केला. ते काम मोलाचे ठरले. परंतु चित्रांवर दिलेला लाखेच्या रोगणाचा थर काळानुसार पिवळा-तपकिरी पडला आणि त्याखाली रंग झाकोळले. पुढच्या पिढीतील भारतीय रसायनतज्ज्ञांना तो थर इंचाइंचाने उतरवावा लागला. हेतू उत्तम, हात कुशल, तरीही परिणाम उलटा. म्हणूनच आजचा संवर्धक कोणताही उपाय करण्यापूर्वी तो पुढे काढता येईल का, असे विचारतो.

प्राचीनांच्या ज्ञानाचा शोधही हीच मंडळी घेतात. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले. गिलाव्याला कीड न लागण्यामागे या तंतूंचा वाटा असावा, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता.

पाचवा, आणि ज्याचे नाव फलकावर कधीच येत नाही तो, कारागीर. पिढीजात दगडकाम जाणणारे पाथरवट, वडार समाजातील बांधव, चुना मळणारे मजूर यांच्यावाचून वास्तुविशारदाचा नकाशा कागदावरच राहील. जुन्या बांधकामाला सिमेंट का चालत नाही, हे ही मंडळी अनुभवाने जाणतात. सिमेंट दगडापेक्षा कडक होते, ओल बाहेर पडू देत नाही आणि स्वतःचे क्षार भिंतीत सोडते. मग सिमेंट शाबूत राहते आणि शेजारचा दगड झिजतो. चुना मात्र मऊ असतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. चुनकळी भिजवून मुरवायची, त्यात वाळू व विटांची सुर्खी मिसळायची, घाणीत मळायची, गूळ-बेलफळाचे पाणी घालायचे, ही रीत आपल्या किल्ल्यांच्या तटांत शेकडो वर्षे टिकली आहे. चुना मळण्याच्या घाणीची दगडी चाके आजही अनेक गडांवर पडलेली दिसतात.

आणि शेवटी पहारेकरी. कड्यावर एकटा बसून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'भिंतीला हात लावू नका' असे सांगणारा माणूस कितीतरी नुकसान होण्याआधीच थोपवितो.

कागदही वारसाच

वारसा केवळ दगडात नसतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा प्रवेश नोंदला गेला. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे ती नोंद आहे. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका लोखंडाच्या व्यापाऱ्याची दगडातील ओळ आणि एका विद्यार्थ्याची रजिस्टरमधील ओळ, दोन्ही सारख्याच नाजूक आहेत. उजेड, दमट हवा, वाळवी आणि कागदातील आम्ल यांनी रजिस्टरचे पान ठिसूळ होते. कागद-संवर्धक ते आम्लरहित पेटीत ठेवतो, फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद खळीने चिकटवितो. चिकटपट्टी मात्र तो कधीच लावत नाही, कारण तिचा गोंद पानात मुरून डाग पाडतो.

सांगलीकरांना या विद्येचे मोल वेगळ्या रीतीने कळले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरांत, दुकानांत आणि ग्रंथालयांत शिरले. भिजलेली पुस्तके पाहून पहिली इच्छा होते ती उन्हात टाकण्याची. पण कडक उन्हात पाने आक्रसतात व पुठ्ठे वाकतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद घालून ती सुकवावीत. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून जी लगेच सुकविता येत नाहीत ती गोठवून ठेवावीत, असे हे शास्त्र सांगते. कृष्णाकाठच्या प्रत्येक शाळेने ही माहिती भिंतीवर लावून ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

कायदा आणि कर्तव्य

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली झाली. आज ३,६०० हून अधिक राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके त्याच्या रक्षणाखाली आहेत. महाराष्ट्राचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय राज्य संरक्षित स्मारके सांभाळते. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी आपल्या सातारा जिल्ह्यातील प्रतापगड या राज्य विभागाच्या देखरेखीखाली आहे.

१९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. अशा स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, तर अनुच्छेद ५१क ने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. संविधानाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने या दोन अनुच्छेदांचाही अभिमान बाळगला पाहिजे.

आमच्या मुलांनी यावे

कोणी विचारील, सर्व संस्कार अनित्य आहेत असे तथागत सांगतात. मग दगडाची एवढी चिंता कशाला? आमचे उत्तर असे की संवर्धक दगडाला अमर करीत नाही. तो झीज मंदावतो, जेणेकरून आणखी काही पिढ्यांना तो वाचता यावा. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली गेली नाही, त्यांना आपला भूतकाळ सांगणारे पुरावे मोजकेच आहेत. ते नष्ट होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

आमच्या विद्यालयात सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील वाड्या-वस्त्यांवरून मुले येतात. डॉक्टर, अभियंता, शिक्षक, अधिकारी होण्याचे स्वप्न पालक त्यांच्यासाठी पाहतात, आणि ते योग्यच आहे. त्या यादीत आणखी एक नाव जोडावे, अशी विनंती आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. वास्तुशास्त्राच्या पदवीनंतर दिल्ली व भोपाळ येथील नियोजन आणि वास्तुकला विद्यालयांत संवर्धनाचे विशेष शिक्षण घेता येते. रसायनशास्त्र शिकलेल्यांसाठी विज्ञान शाखा आणि लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. ज्याने लहानपणी पाली गाथा मुखोद्गत केल्या, त्या विद्यार्थ्याला शिलालेखांची भाषा इतरांपेक्षा लवकर जवळची वाटेल. ही आपल्या मुलांच्या हाती असलेली शिदोरी आहे.

माजी विद्यार्थ्यांनी व समाजबांधवांनी तोवर काय करावे? लेण्यात मेणबत्ती व उदबत्ती भिंतीपासून दूर लावावी, किंवा बाहेरच लावावी. अक्षरांवर खडू, कुंकू, तेल, पाणी काहीही लावू नये. उत्साहाने रंगरंगोटी करू नये. दुरुस्तीची गरज दिसली तर छायाचित्रासह पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. गावाजवळ शिलालेख, वीरगळ किंवा जुनी विहीर आढळली, तर तिची जागा व मोजमाप वहीत लिहून ठेवावे. मिरजेच्या पूर्वेस दंडोबाच्या डोंगरात कोरलेले मंदिर असो की आगाशिवाची लेणी, वास्तू कोणत्या श्रद्धेची आहे यावरून हे नियम बदलत नाहीत.

महिकाने लेणे दान केले, तेव्हा ते कोण राखील, हे त्याला ठाऊक नव्हते. ती राखण आता आपल्याकडे आली आहे. येत्या काही वर्षांत पुरातत्त्व विभागाच्या एखाद्या नोंदवहीत आमच्या विद्यालयातून शिकून गेलेल्या मुलीची किंवा मुलाची सही असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.